ब्रॉयलरला प्रोबायोटिक आणि यीस्टची भुकटी: पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

उदगीरजवळ आमचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं शेड आहे. गेल्या पावसाळ्यापासून प्रत्येक बॅचला पहिल्या दिवसापासून खाद्यातून दोन गोष्टी दिल्या: बॅसिलस सबटिलिस या चांगल्या जिवाणूचं प्रोबायोटिक आणि यीस्टच्या पेशीभित्तिकेची भुकटी. दुकानात दोन्ही ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून मिळतात. पैसे वसूल झाले असं माझं मत आहे, पण वजन बघून नाही. वजनात डोळ्यात भरेल असा फरक पडला नाही. फरक पडला तो लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये खाली पसरलेल्या तुसाच्या थरात.

दर पावसाळ्यात आमच्याकडं ड्रिंकरखाली तुसाची पापडी धरायची, अमोनियानं डोळे चुरचुरायचे. यंदा मुठीत दाबलेलं लिटर सोडलं की मोकळं होत होतं. विष्ठेत मक्याचे न पचलेले कण कमी दिसले. आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या आतड्यातून पडणारी विष्ठा वेगळी ओळखू येते, चॉकलेटी आणि चिकट. ती फेसाळ, पिवळट झाली की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय.

कोंबडीला अशी दोन आंधळी आतडी असतात आणि सर्वांत जास्त जिवाणू तिथंच राहतात. त्यातले चांगले जिवाणू ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात निघालेल्या पिल्लाला आईचा सहवास नसतो, त्यामुळं हे जिवाणू त्याला आयते मिळत नाहीत. लिटर, पाणी, खाद्य यांतून जे आधी पोचतील ते ठाण मांडतात. फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले तर साल्मोनेला या रोगजंतूला शिरकाव करणं अवघड जातं. म्हणून बॅच अर्धी झाल्यावर प्रोबायोटिकचा डबा उघडण्यात अर्थ नाही. पहिला आठवडाच महत्त्वाचा.

यीस्टचं काम वेगळं. त्यातल्या मॅनन या शर्करेला ई. कोलाय आणि साल्मोनेला चिकटतात आणि विष्ठेवाटे निघून जातात. त्यातलाच दुसरा घटक, बीटा-ग्लुकन, रोगप्रतिकारक पेशींना जागं करतो. इथं एक सांगतो, डोस वाढवू नका. त्या पेशींना सारखं डिवचत राहिलं तर खाद्यातली ऊर्जा वाढीऐवजी तिकडं खर्च होते.

आधीच्या एका बॅचमधलं मेलेलं पिल्लू डॉक्टरांनी फाडून दाखवलं होतं. लहान आतडं फुगलेलं, आतलं अस्तर जुन्या टॉवेलसारखं खरबरीत. कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग) होऊन गेल्यावर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू असाच माजतो. यंदा कॉक्सी आली, पण त्यापुढचं हे प्रकरण दिसलं नाही. कॉक्सीचं औषध मात्र द्यावंच लागलं.

हिवाळ्यात सीआरडी या जुनाट श्वसनरोगासाठी अँटिबायोटिकचा कोर्स द्यावा लागला. त्या दिवसांत विष्ठा परत पातळ झाली. अँटिबायोटिक चांगलं-वाईट बघत नाही, पोटातल्या जिवाणूंवर सरसकट फिरतं. कोर्स संपल्यावर प्रोबायोटिक पुन्हा सुरू केलं, तेव्हा विष्ठा हळूहळू ताळ्यावर आली. पाण्यातून देण्याचं लॅक्टोबॅसिलसचं प्रोबायोटिक घेणार असाल तर त्या पाण्यात ब्लिचिंग पावडर नको. बॅसिलसचे बीजाणू टणक असतात, गोळी खाद्य बनवतानाची उष्णताही ते सोसतात, म्हणून मी तेच निवडलं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की कोंबडी धापा टाकते, रक्त कातडीकडं वळतं आणि आतड्याला कमी पडतं, अस्तर सैल होतं. तिथं भुकटीनं थोडा आधार दिला असेल, पण खरं काम फॉगर (पाण्याचे बारीक फवारे), पंखे आणि गार पाण्यानंच केलं.

काही विक्रेते ‘हे घाला, लस कमी केली तरी चालेल’ असं सांगतात. मला याचा मनापासून राग येतो. गंबोरो रोगाचा विषाणू प्रतिकारशक्ती जिथं घडते त्या बर्सा या अवयवावरच घाला घालतो; तिथं कुठलीच भुकटी लसीची जागा घेत नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आला होता. त्याला शेडच्या दारातलं जंतुनाशक, वेगळ्या चपला आणि बाहेरच्या माणसाला बंदी हेच उपाय.

पुढच्या बॅचला दोन्ही परत घेणार आहे. व्हिटॅमिन आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांचा खर्च मात्र निम्म्यावर आणलाय.