आय५ १३३५यू की रायझन ५ ७५३०यू: पहिल्या मिनिटाचं सोडा, दहाव्या मिनिटाचं बोला

ज्यांना पटकन उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. एक्सेल, ब्राउझरचे ढीगभर टॅब, मीटिंग, थोडं फोटोचं काम, मधूनच व्हिडिओ, असं तुकड्यातुकड्याचं काम असेल तर इंटेलचा कोअर आय५ १३३५यू हा प्रोसेसर घ्या. कोड बिल्ड करणं (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं), व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक), रात्री लावून ठेवायचं रेंडर, असं लांबलचक काम असेल तर एएमडीचा रायझन ५ ७५३०यू. दोन्ही २०२३ च्या पिढीचे, दोन्ही कागदावर १५ वॅटचे, आणि पातळ लॅपटॉपमध्ये हीच जोडी बऱ्याचदा समोरासमोर येते, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता खोलात. या दोघांची तुलना बहुतेक ठिकाणी एका ओळीत संपवतात, इकडे १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) तिकडे ६ कोअर, आणि घेणारा माणूस साहजिकच १० वाला उचलतो. पण इंटेलचे ते १० म्हणजे २ पी-कोअर आणि ८ ई-कोअर. पी-कोअर दणकट, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, एकेक जण दोन-दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा, सांभाळतो. ई-कोअर लहान, कमी वीज खाणारे, ३.४ पर्यंत जाणारे, आणि एकाला एकच थ्रेड. म्हणजे हिशोब ४ अधिक ८, एकूण १२ थ्रेड. रायझनकडे ६ कोअर, सगळे एकसारखे, झेन ३ या एएमडीच्या कोअर डिझाइनचे, प्रत्येकाला २ थ्रेड, म्हणजे तेही १२ च. एल३ कॅश, म्हणजे चिपमधलीच जलद मेमरी, मात्र रायझनकडे १६ एमबी आणि इंटेलकडे १२. त्यामुळे १० विरुद्ध ६ हा आकडा बघून काहीही ठरवू नका, त्यातून खरंच काही कळत नाही.

मी बघितलं ते एकाच कंपनीच्या एकाच बॉडीतल्या दोन मॉडेलवर, रॅम दोन्हीकडे १६ जीबी आणि दोन पट्ट्यांत, विंडोज ११, दोन्ही चार्जर लावून आणि एकाच पॉवर मोडवर. हे मुद्दाम सांगतोय कारण वेगवेगळ्या बॉडीतले लॅपटॉप घेऊन प्रोसेसरची तुलना केली की बऱ्याचदा पंख्याचीच तुलना होते.

रोजच्या वापरात इंटेल जास्त चपळ वाटतो आणि हे फक्त वाटणं नाहीये. एका कोअरचं जे काम असतं, म्हणजे ॲप उघडणं, जड वेबपेज लोड होणं, एक्सेलमध्ये मोठा फॉर्म्युला खाली ओढला की तो भरत जाणं, तिथे पी-कोअर साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी पुढे राहतो. झेन ३ पहिल्यांदा आलं २०२० च्या शेवटी डेस्कटॉपवर, म्हणजे ७५३०यू च्या नावात ७ हजाराचा आकडा असला तरी आतला कोअर जुनाच आहे, आणि ते सिंगल कोअरमध्ये दिसतं. वाईट अजिबात नाही, नुसता रायझन वापरत असाल तर कधी काही कमी आहे असं जाणवणारही नाही, पण शेजारीशेजारी ठेवून वापरलं की इंटेल अर्धं पाऊल आधी पोचतो.

मग येतो तो भाग ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं. इंटेलच्या चिपला दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. पीएल२ म्हणजे थोडा वेळ किती वीज ओढायची, या चिपला इंटेलने ती ५५ वॅटपर्यंत दिलीय. पीएल१ म्हणजे सतत किती, आणि ती मुळात १५ वॅट. हे आकडे नक्की किती ठेवायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, तुमच्या बॉक्सवर ते कुठेही छापलेलं नसतं. मी एचडब्ल्यूइन्फो हे चिपची वीज-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून सी प्लस प्लसचा एक मोठा प्रोजेक्ट क्लीन बिल्डला, म्हणजे अगदी पहिल्यापासून बिल्ड व्हायला, लावला. सुरुवातीला इंटेलचा पॅकेज पॉवरचा (पूर्ण चिप ओढतेय त्या विजेचा) आकडा ४० वॅटच्या वर, फाइल्स भराभर पुढे सरकतायत, रायझन मागे पडलेला. थोड्याच वेळात पंख्याने जोर धरला, आकडा ३० च्या घरात, मग २० च्या, आणि शेवटी १५ वर येऊन चिकटला तो चिकटलाच. पी-कोअरचा क्लॉक, म्हणजे वेगही त्याच्याबरोबर खाली. रायझनने सुरुवातीला एवढी उडी मारलीच नव्हती पण पडलाही तेवढा नाही, त्याचे सहाही कोअर ३ गिगाहर्ट्झच्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहिले. बिल्ड अर्ध्यावर आल्यावर दोघं बरोबरीला आले आणि संपताना रायझन आधी संपला. मध्ये न थांबता परत क्लीन बिल्ड लावला तर फरक अजून वाढला, कारण आता बॉडी आधीच तापलेली आणि इंटेलला ती सुरुवातीची उडी मिळालीच नाही.

म्हणून एकदा चालवलेल्या बेंचमार्कचा स्कोअर बघून लॅपटॉप घेऊ नका असं मी कळकळीने सांगतो. सिनेबेंच या प्रोसेसरच्या चाचणीचा एकच राऊंड चालवला तर बराचसा स्कोअर त्या सुरुवातीच्या उडीचाच असतो. त्यातच दहा मिनिटांचा पर्याय असतो, तो लावून आलेला आकडा बघा. आणि हेही लक्षात घ्या की याच १३३५यू ला एखाद्या कंपनीने जाड बॉडी, चांगला कूलर देऊन पीएल१ २५ किंवा त्याच्या वर ठेवला तर चित्र बदलतं, मग लांब कामातही इंटेल मागे राहत नाही. एकच चिप, दोन लॅपटॉप, दोन वेगळे निकाल. रिव्ह्यू वाचताना ‘सस्टेन्ड पॉवर’ किती वॅट लिहिलंय ते आधी शोधा, ते नसेल तर त्या रिव्ह्यूचा प्रोसेसरपुरता फारसा उपयोग नाही.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. इंटेलमध्ये दोन जातीचे कोअर असल्यामुळे कुठलं काम कुठे पाठवायचं हे विंडोज ठरवतं, त्याला थ्रेड डायरेक्टर नावाची हार्डवेअरची मदत असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरवतं. पण व्हर्च्युअल मशीन सुरू ठेवून तुम्ही दुसऱ्या विंडोत काम करायला लागलात की त्या मशीनला बॅकग्राउंडचं काम समजून ई-कोअरवर ढकललं जाऊ शकतं आणि मग आतलं लिनक्स एकदम रेंगाळायला लागतं. पॉवर मोड बदलून, सेटिंग करून यातून मार्ग निघतो, पण रायझनमध्ये हा प्रश्नच येत नाही कारण सगळे कोअर सारखे, कुठेही टाका. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी उगाच झंझट घेऊ नये, सरळ रायझन घ्यावा.

व्हिडिओमध्ये मात्र उलटं. ७५३०यू चं ग्राफिक्स अजून एएमडीच्या जुन्या वेगा घराण्यातलं आहे आणि त्यात एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डिकोडर, म्हणजे तो व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग, नाही. १३३५यू च्या आयरिस एक्सई ग्राफिक्समध्ये आहे. याने काय फरक पडतो? यूट्यूबवर आता बरेच व्हिडिओ एव्ही१ मध्ये येतात. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि असा एखादा ४के व्हिडिओ चालवा. इंटेलवर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर जातो, सीपीयू निवांत. रायझनवर तो आलेख जमिनीला आणि सीपीयू काम करतोय, कारण सगळं डिकोडिंग सॉफ्टवेअरमध्ये चाललंय. व्हिडिओ अडकत नाही, सहा कोअर आहेत, पण बॅटरीवर असाल तर ती वीज फुकट गेली. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकून एव्ही१ ऐवजी व्हीपी९ हा जुना फॉरमॅट मागवता येतो, त्याचा डिकोडर रायझनमध्ये आहे, मग ठीक चालतं. एडिटिंग करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, बरेच नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहिती असलेला व्हिडिओ फॉरमॅट) देतात आणि ते इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे चिपमधला व्हिडिओसाठीचा भाग, हार्डवेअरवर वाचतं, टाइमलाइन सरळ सरकते. रायझनच्या या चिपवर तोच फुटेज प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी प्रत) बनवल्याशिवाय हात लावायच्या लायकीचा राहत नाही. असं फुटेज रोजचं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि इंटेल घ्या.

गेमिंगबद्दल दोनच वाक्यं. हलके ऑनलाइन गेम कमी सेटिंगवर दोन्हीकडे चालतात, जड गेमसाठी दोन्ही नाहीत. बॅटरीतही नुसतं लिहित-वाचत असाल तर फरक सांगता येत नाही, तिथे स्क्रीन आणि बॅटरी किती वॅट-अवरची हेच महत्त्वाचं.

पोर्टचा विचार असेल तर इंटेलमध्ये थंडरबोल्ट ४ (खूप वेगवान यूएसबी-सी पोर्ट) मिळू शकतो, कंपनीने दिला तर. ७५३०यू मध्ये यूएसबी४ ही नाही. एसएसडी जोडायला इंटेलला पीसीआयई ४.० ही जास्त वेगवान वाट आहे, रायझनला ३.०, आणि मोठमोठ्या फाइली सतत इकडून तिकडे टाकत नसाल तर हा फरक विसरून जा.

रायझन घ्यायला निघालात तर नंबर नीट वाचा, इथे खूप लोक फसतात. एएमडीच्या त्या काळच्या पद्धतीत तिसरा आकडा पिढी सांगतो. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३. ७५२०यू मध्ये २, म्हणजे झेन २, आणि त्यात कोअर फक्त ४. नावात दोघंही रायझन ५, नंबरात दहाचा फरक, पण मी वर जे काही रायझनचं कौतुक केलंय त्यातलं काहीही ७५२०यू ला लागू होत नाही. वरच्या बाजूला ७५४०यू आहे, तो झेन ४, ६ कोअर, ग्राफिक्सही नवं आणि त्यात एव्ही१ पण आहे. तो जर जवळपास तेवढ्याच पैशात दिसला तर या दोघांपैकी कोणाचाही विचार करू नका, तो उचला.

आणि रॅम. ऑर्डर करायच्या आधी एकच पट्टी लावलीय की दोन हे विचारूनच घ्या. एकच पट्टी असेल तर इंटेलचं आयरिस एक्सई स्वतःला आयरिस म्हणवून घेतच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं यूएचडी ग्राफिक्स दिसतं आणि वेगही तसाच घटतो. रायझनचं वेगा नाव बदलत नाही पण त्यालाही तेवढाच फटका बसतो, कारण दोघांचं ग्राफिक्स सिस्टिमच्याच रॅमवर जगतं. मोकळा स्लॉट असेल तर तेवढ्याच जीबीची, त्याच स्पीडची दुसरी पट्टी पहिल्याच आठवड्यात टाकून घ्या. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर ती ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्यांसारखी दोन वाटांनी चालणारी) आहे का हे रिव्ह्यूमध्ये बघून मगच पैसे भरा, नंतर काही करता येत नाही.