‘३७ रेकॉर्ड कायमचे पुसायचे?’ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इमारतीची थ्रीडी मॉडेलं क्लाउडवर ठेवून सगळ्यांनी मिळून तपासायचं सॉफ्टवेअर आहे हे. मॉडेल फिरवून बघणं, क्लॅश (पाइप-बीम एकमेकांत घुसतात का ते), मार्कअप, मोबाइलवर किती पटकन उघडतं, हे सगळं तुम्ही डेमोत बघितलेलंच असेल. त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते एका खोक्याबद्दल. कायमचं पुसण्याआधी स्क्रीनवर येतो तो.

पुण्यात आमचा निवासी टॉवर चालू आहे. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल अशी सगळ्यांची मॉडेलं दर शुक्रवारी चढतात आणि प्रत्येक वेळी नवी आवृत्ती साठते. चौथ्या महिन्यात स्टोरेज भरलं. जादा जागेचं कोटेशन साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "जुनं काढा की. घरात रद्दी साठवता का?"

काढलं, पण जागा तेवढीच. डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जातं आणि तिथेही भाडं चालूच राहतं, हे दुसरी वॉर्निंग आल्यावर कळलं. म्हणून बिनमध्ये जाऊन ‘परमनंट डिलीट’. तिथे हा खोका आला : "३७ रेकॉर्ड कायमचे पुसले जातील. पुढे जायचं?" कुठले ३७, ते नाही. नाव नाही, तारीख नाही, त्यावर किती इश्यू (मॉडेलवर खूण करून टाकलेल्या शंका-तक्रारी) लटकलेत तेही नाही. किराणावालासुद्धा यादी वाचून दाखवतो हो! मी ‘हो’ दाबलं. जागा मोकळी झाली, साहेब खूश.

दीड महिन्यानं साइटवरून फोन आला. सातव्या मजल्यावर ड्रेनेजची लाइन बसत नव्हती, कोअर कटिंग, म्हणजे काँक्रीटला मशीननं गोल भोक, करावं लागणार होतं. बीममध्ये स्लीव्ह (पाइप जायला काँक्रीटमध्ये सोडलेली नळी) कुठे मंजूर झाली होती, ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटला बघायचं होतं. इश्यू उघडला. कॉमेंट जागेवर, फोटो जागेवर, आणि मॉडेलच्या जागी नुसती करडी जाळी. स्लॅब टाकला तेव्हाची आवृत्ती त्या ३७ मध्येच गेली होती.

सपोर्टला तिकीट टाकलं. अकरा दिवस, चार माणसं, प्रत्येकाला पहिल्यापासून कहाणी. शेवटचं उत्तर : कायमचं म्हणजे कायमचं, असंच डिझाइन आहे. त्या दिवशी एक स्टार द्यायला बसले होते.

दिला नाही, कारण मध्ये एक वेगळंच प्रकरण झालं. एका कन्सल्टंटनं चुकून दुसऱ्याच बिल्डरचं मॉडेल आमच्या प्रोजेक्टमध्ये चढवलं. फ्लॅटचे नकाशे, शाफ्ट, सगळं. बिचारा घामाघूम! पाच मिनिटांत ते उडवलं. सर्चमध्ये नाही, बिनमध्ये नाही, जुन्या लिंकवरही नाही. तेव्हा पटलं, कायमचं पुसणं असंच असायला हवं. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. भांडण खोक्याशी आहे.

एपीआयकडून, म्हणजे स्क्रीनऐवजी प्रोग्रॅममधून थेट हुकूम देऊन, जाल तर तेवढाही खोका नाही. आमच्या ज्युनिअरनं जुन्या आवृत्त्या काढायला स्क्रिप्ट लिहिली. विनंती गेली की उत्तर येतं २०४, म्हणजे काम झालं, सांगण्यासारखं काही नाही. आयडीतला एक आकडा चुकून दुसऱ्या मॉडेलचा पडला, तरी २०४ च येणार.

आता कोणी म्हणेल, बॅकअप नव्हता का? होता, आणि तो पाहूनच हसू आलं. सगळ्यांची मॉडेलं एकत्र बघायच्या नॅव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरची एनडब्ल्यूएफ फाइल आम्ही जपून ठेवली होती. तिच्यात फक्त मूळ फाइलींचे पत्ते असतात. भूमिती सकट सगळं हवं तर एनडब्ल्यूडी लागते. ती सापडली प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरच्या इंजिनिअरकडे, कारण त्याचा क्लाउडवर काडीचा विश्वास नाही. स्लीव्ह तिच्यात दिसली, कटिंगची जागा ठरली. त्याच तारखेची आयएफसी (कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला चालावी अशी मॉडेलची सामायिक फाइल) स्ट्रक्चरवाल्यांनी त्यांच्या सर्व्हरवरून काढून दिली. ती पुन्हा चढवली, तर जुने इश्यू तिला चिकटेनात. फाइलीतला बीमचा २२ अक्षरी ग्लोबल आयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, तोच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी रेकॉर्ड नवीन. एकशे बारा इश्यू हातानं जोडले. शनिवार-रविवार गेला.

आणि हे नुसतं सोयीचं प्रकरण नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे. चार वर्षांनी बीमला तडा गेला, तर आत काय होतं ते कशावरून दाखवणार? बांधकामाची माहिती कशी सांभाळायची याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १९६५०. त्यात ‘अर्काइव्ह’, म्हणजे जुनं जपून ठेवणं, ही वेगळी अवस्था धरली आहे ती उगाच नाही. इथे मात्र अर्काइव्हचं बटण वरच्या प्लॅनमध्ये आहे, आणि वरचा प्लॅन म्हटलं की साहेबांना फोन येतो.

सध्याची पद्धत अशी : प्रत्येक स्लॅबआधीची एनडब्ल्यूडी आणि आयएफसी दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर, डिस्क कपाटात, किल्ली माझ्याकडे. पुसायच्या दिवशी ज्युनिअर एक्सेलमधून नावं मोठ्यानं वाचतो, मी एकेक टिक करते, मगच ‘हो’. बाजूच्या टेबलवरचे अकाउंट्सवाले म्हणतात, तंबोला चाललाय.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. करणार, कारण सोळाशे इश्यू आत अडकलेत. पाचपैकी तीन. खोक्यात नावं दाखवली तर चार.