भुशाची उशी, लाकडी ठोकळा आणि जड इस्त्री: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरी शिवलेला कुर्ता लांबूनही घरचा म्हणून ओळखू येतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा शिवणीच्या जोडांवर न बसलेली इस्त्री हेच असतं. टाका सरळ असतो, बेतही चुकलेला नसतो, पण खांद्याची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, आत कशीबशी दुमडलेली राहते. आठ महिने जोड दाबायच्या या तीन वस्तू रोजच्या शिवणात आहेत: कटोरी आणि प्रिन्सेस कट ब्लाउज, सुती कुर्ते, माहेश्वरीचे जाकीट. तिन्हींत सगळ्यात जास्त उपयोग ठोकळ्याचा झाला.

ठोकळा म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांब, ७ रुंद, ५ जाड असा कठीण लाकडाचा तुकडा. कडा गोल घासलेल्या, पॉलिश किंवा वॉर्निश अजिबात नको. सुताराकडून करून घेताना हलक्या रंगाचं लाकूड मागा. सागवानात तेल असतं, दमट गरम कापडावर त्याचा डाग उतरायची भीती. इस्त्री उचलल्याबरोबर ठोकळा जोडावर ठेवायचा आणि १५ ते २० सेकंद दाबून धरायचा. गरम, दमट धागा मऊ पडतो आणि थंड होताना ज्या आकारात असेल तोच आकार धरतो. उघडं लाकूड वाफ शोषून घेतं, म्हणून जोड दाबाखालीच निवतो. इस्त्री काढून कापड लगेच उचललं तर उघडलेली माया पुन्हा उभी राहते. सुती पॉपलीन आणि लिनन यांवर हा फरक पहिल्याच जोडाला दिसतो.

इस्त्री साधीच, वाफेची नाही, पण वजनदार हवी: दोन किलोच्या आसपास. किलोभराच्या हलक्या इस्त्रीला हाताचा जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात पुढे सरकतो. इस्त्री फिरवणं आणि इस्त्री दाबणं ही दोन वेगळी कामं आहेत. जोडावर ती ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासत नेली तर उरेब, म्हणजे तिरका, कापलेला गळा आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) हमखास ताणला जातो, आणि मग अस्तराशी माप जुळत नाही. वाफेसाठी ओल्या मलमलचा तुकडा पुरतो. इंदूरला अनेक घरांत बोअरिंगचं पाणी असतं. ते वाफेच्या इस्त्रीत घातलं की भोकांत क्षार साचतात आणि पांढऱ्या कापडावर पिवळट थेंब पडतात. साध्या इस्त्रीत ती कटकटच नाही. उणीव अशी की तासभर काम केलं की मनगट दुखतं, आणि तापमान ठरवलेल्या खुणेच्या वर जाऊन मग खाली येतं. दिवा विझल्यावर मिनिटभर थांबा, आधी कापडाच्या कातरणीवर बघा. इस्त्रीच्या चकतीवरचं एक टिंब म्हणजे साधारण ११० अंश सेल्सियसपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००.

क्रम चुकवू नका. आधी जोड शिवला तसाच, मिटलेला, दोन्ही बाजूंनी दाबायचा. त्याने टाके कापडात बसतात. मग उलट्या बाजूने माया उघडून फक्त इस्त्रीच्या टोकाने शिवणीवर. त्यानंतर ठोकळा. शेवटी सुलट्या बाजूने, वर कापड ठेवून. आणि एक जोड दुसऱ्याला आडवा जाण्याआधी पहिल्याची इस्त्री झालेलीच असावी, कारण नंतर तिथे टोक पोहोचत नाही. ओव्हरलॉक केलेल्या कडांचा ठसा सुलट्या बाजूला उमटतो. मायेखाली जाड खाकी कागदाची पट्टी सरकवली की उमटत नाही.

भुशाची उशी गोलाईसाठी. सपाट टेबलावर प्रिन्सेस कटचा जोड दाबला तर शिवणीने दिलेली गोलाई इस्त्रीनेच मोडते. अंड्याच्या आकाराची, सुमारे ३० बाय २० सेंटिमीटर, एका बाजूला धुऊन आटवलेलं सुती ड्रिल, दुसऱ्या बाजूला जुन्या कोटाचं लोकरी कापड. आत चाळलेला, दोन दिवस उन्हात वाळवलेला लाकडाचा भुसा, दीड किलोपर्यंत. प्लायवुडचा भुसा नको, तापला की त्यातल्या गोंदाचा वास येतो. अंगठा रुतणार नाही इतका ठासून भरा. बहुतेकांची उशी इथेच फसते, कारण भुसा महिन्याभरात बसतो आणि मग उशी लिबलिबते. एका कोपऱ्यात दोन बोटं उसवता येईल अशी हातशिवण ठेवा म्हणजे पुन्हा भरता येते. उशीवर ठेवण्याआधी बाहेरच्या गोलाईच्या मायेत त्रिकोणी खाचा, आतल्या गोलाईच्या मायेत सरळ चिरा, टाक्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबून. छातीचे आडवे टक्स (आकारासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या) खाली झुकवून दाबायचे, कमरेचे उभे मध्याकडे. टकच्या टोकापुढे इस्त्री गेली की तिथे सुरकुती पक्की होते.

माहेश्वरी आणि चंदेरीला ओलं मलमल नको; कोरडं कापड, दोन टिंबांच्या खाली. वर सिल्क ऑर्गेन्झाचा तुकडा ठेवला तर खालची शिवण दिसत राहते. इंदूरच्या शीतलामाता बाजारात ऑर्गेन्झा मागितला की बहुतेक पॉलिएस्टरचा देतात, तो इस्त्री जास्त तापली तर चिकटतो. रेशमाचाच मागा आणि एक धागा जाळून बघा. जरीच्या काठावर ठोकळा अगदी हलका. मखमलीवर ठोकळा वर्ज्य, लव कायमची बसते. मखमलीचाच तुकडा लव वर करून खाली पसरा आणि उलट्या बाजूने नुसती वाफ द्या.

पावसाळ्यात उशी कपाटात ठेवू नका. भुसा ओल धरतो आणि आठवड्यात कुबट वास येतो. ऊन पडेल त्या दिवशी दोन्ही बाजू उलटून तापवा, आणि वापरानंतर पूर्ण निवेपर्यंत तिच्यावर काही ठेवू नका.