इंग्रजी-मराठी शब्दकोश घेताय? आधी 'लाय' काढून बघा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात इंग्रजी-मराठी शब्दकोश मागितला की काउंटरवर साधारण तीन प्रकार येतात: खिशात मावणारा छोटा, शाळकरी मुलांचा मधला आणि दोन्ही हातांनी उचलायचा जाडजूड. कव्हरवर शब्दसंख्या ठळक छापलेली असते, तिला भुलू नका. सरळ 'एल' अक्षर काढा आणि 'लाय' (एल-आय-ई) शोधा. कोश कसा आहे ते या एका शब्दावर कळतं.

छोट्या कोशांत बहुधा एकच ओळ सापडते: खोटे बोलणे, पडून राहणे, असणे. इथेच गडबड आहे. स्पेलिंग एक असलं तरी हे दोन वेगळे शब्द आहेत, जुन्या इंग्रजीतल्या दोन निराळ्या क्रियापदांतून आलेले. चांगला कोश त्यांना १ आणि २ असे आकडे देऊन वेगळे छापतो आणि रूपंही वेगळी देतो. खोटं बोलण्याचं लाय, लाइड, लाइड. आडवं होण्याचं लाय, ले, लेन. त्यात आणखी तिसरं क्रियापद घुसतं, 'ठेवणे' या अर्थाचं ले, लेड, लेड. म्हणजे 'ले' हा एकाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप. 'ती काल दुपारी आडवी झाली' याचं इंग्रजी करताना मुलं हमखास 'लाइड डाउन' लिहितात, आणि रूपं न देणारा कोश त्यांना अडवू शकत नाही. 'लाइंग' तर दोन्हींचं सारखंच. ते वाक्यावरूनच ओळखायचं.

मधल्या आकाराच्या कोशांत रूपं असतात, पण वाक्यं कमी. मराठी माध्यमाच्या मुलांचं नेमकं तिथेच अडतं. आपण खोटं 'बोलतो', म्हणून ती 'स्पीक अ लाय' लिहितात. इंग्रजीत खोटं 'टेल' करतात. आपण कोणाशी तरी खोटं बोलतो, म्हणून 'लाइड विथ मी' होतं; हवं 'लाइड टू मी'. ही दोन वाक्यं ज्या कोशात छापलेली दिसतील, त्याला जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. 'लायर'चं स्पेलिंग शेवटी ए-आर असं आहे का, तेही बघून घ्या. ई-आर असेल तर कोश खाली ठेवा.

मग वाक्प्रचार. 'व्हाइट लाय'पुढे 'पांढरे खोटे' छापलं असेल तर संपादकाने नुसता शब्दाला शब्द लावलाय. कोणाचं मन दुखू नये म्हणून मारलेली निरुपद्रवी थाप, असा खुलासा हवा. 'बेअरफेस्ड लाय'ला धादांत खोटं, 'पॅक ऑफ लाइज'ला निव्वळ थापा, 'फिब'ला बारीकशी थाप; मराठीत एवढी सोय असताना सगळीकडे 'असत्य' चिकटवणारे कोश वाचवत नाहीत. 'लाय डिटेक्टर'चं 'खोटे पकडणारे यंत्र' चालून जातं, पण ते यंत्र मोजतं श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरच्या घामाचा परिणाम. एवढं जाड्या कोशात यायला हवं. (संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलंय.)

उलट दिशेने, म्हणजे मराठीवरून इंग्रजीकडे जायचं असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला अजून तोड नाही. 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. इंग्रजी जुनं आहे, शाळेच्या निबंधात जसंच्या तसं उचलू नये.

छपाईकडेही लक्ष द्या. मधोमध उघडून टेबलावर ठेवा. नुसत्या गोंदाची बांधणी असेल तर कोश आपोआप मिटतो किंवा पाठ तडकते; शिवलेला सपाट राहतो. बारीक टाइपात जोडाक्षरं भरून आलीत का, ते 'श्र' आणि 'द्ध' शोधून बघा. जुना कोश घेताना पानांचे क्रमांक तपासा, कारण गेलेली पानं सुटी कमी, अख्खा सोळा पानांचा फॉर्माच (एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा) जास्त गायब असतो.

दहावीपर्यंत मधला पुरतो, पुढे जाडाच घ्या. छोटा फक्त स्पेलिंग बघण्यापुरता. आणि शाळा उघडायच्या सुमारास जाऊ नका. जूनच्या गर्दीत काउंटरपाशी उभं राहून एवढं चाळू देणारा दुकानदार मिळणं कठीण.