आठ महिने दर रविवारी बाबांसोबत कॅफेत नाश्ता: वापरानंतरचा अनुभव

आठ महिने झाले, मधले दोन-तीन रविवार सोडले तर एकही चुकवला नाही. सव्वासातला घरातून निघायचं, मी आणि बाबा, चालत जाता येईल अशा कॅफेत नाश्ता करायचा आणि नऊच्या आत परत. एकूण सहा कॅफे झाले, त्यातले दोन आता पक्के आहेत, बाकी चार ठिकाणी परत जाणार नाही. बाहेर नाश्ता करणं खरंच वर्थ आहे का, घरी दहा मिनिटांत होतं की, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. कॉफी, अंडी, ब्रेड, सर्व्हिस सगळं येईलच पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा वेगळाच निघाला, तो म्हणजे आवाज.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन. वयाप्रमाणे ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, स, श, फ, त, थ असली व्यंजनं, आणि स्वर बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सात' आणि 'आठ' सारखेच वाटतात. आणि मग माणूस मान डोलवायला लागतो. पहिल्या कॅफेत वेटरने विचारलं अंडी कशी हवीत, बाबांनी मान डोलवली, परत विचारलं, परत मान डोलवली, आणि मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. त्या दिवशी आम्ही पंचवीस मिनिटांत उठलो आणि घरी येईपर्यंत बाबा काहीच बोलले नाहीत.

पहिले दोन महिने मी एक मोठी चूक करत होते. बाबांना मान म्हणून भिंतीला पाठ करून, कोपऱ्यातल्या मऊ सोफ्यावर बसवायचे, समोर अख्खं कॅफे दिसेल असं. मशीनचं ट्युनिंग करायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंना सांगितलं की कॅफेत काहीच कळत नाही यांना, तर त्यांनी पहिला प्रश्न केला की बसता कसे. म्हणाल्या बरोबर उलटं करा. बाबांच्या मशीनचा गोंगाटातला जो मोड आहे त्यात माइक समोरचा आवाज जास्त उचलतो आणि पाठीमागचा दाबतो, म्हणजे मी त्यांना भिंतीला पाठ करून बसवून अख्ख्या कॅफेचा गोंगाट त्यांच्या कानात घालत होते. आता बाबा काउंटरकडे पाठ करून बसतात, समोर मी, माझ्या मागे भिंत. एवढ्या एका बदलाने जे झालं ते कुठल्याच महागड्या मेन्यूने झालं नसतं. घरात कानाचं मशीन वापरणारं कोणी असेल तर बाकी रिव्ह्यू वाचला नाही तरी चालेल, हे मात्र करून बघा.

बाकी जागेचं म्हणाल तर काच, टाइल्स, सिमेंटच्या उघड्या भिंती, उंच छत, हे फोटोत छान दिसतं पण आवाज शोषणारं काही नसल्याने प्रत्येक चमच्याचा खणखणाट घुमत राहतो. पडदे, लाकूड, गाद्या, पुस्तकांची कपाटं असलेलं साधं कॅफे यात कधीही जिंकतं. आमच्या पक्क्या दोनपैकी एक तर अगदीच जुनाट दिसतं, पण तिथे बाबा हळू आवाजात बोलू शकतात. गाणी कमी करा म्हणून सांगायला मी आधी लाजायचे, आता आत शिरतानाच सांगते. सहापैकी पाच ठिकाणी लगेच कमी केली, एका ठिकाणी 'पॉलिसी आहे' म्हणाले, तिथे परत गेलो नाही.

आता कॉफी. यातलं मला आधी काहीच कळत नव्हतं, जे कळलं ते बाबांमुळे, कारण बाबांचं आयुष्य मशीनवर काम करण्यात गेलंय आणि एस्प्रेसो मशीनचा प्रेशर गेज दिसल्यावर ते काउंटरपाशीच थांबले. कॉफी करणाऱ्या मुलीने सांगितलं की साधारण ९ बार प्रेशरने पाणी कॉफीतून ढकलायचं आणि २५ ते ३० सेकंदांत कप भरला पाहिजे. बाबा म्हणाले, अगं हे तर ट्रकच्या टायरच्या आसपासचं प्रेशर झालं! मग घरी येऊन त्यांनी सगळं वाचून काढलं, की पहिलं पेटंट १८८४ चं, इटलीतल्या तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोचं, मग १९०१ ला लुइजी बेझेरा, पण ती सगळी वाफेच्या जोरावर चालणारी, प्रेशर फारच कमी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजियाने लिव्हरवाली मशीन काढली तेव्हा कुठे वरचा तो तपकिरी फेस यायला लागला. पुढच्या रविवारी त्यांनी हे सगळं त्या मुलीला सांगितलं, ती हातातलं काम ठेवून ऐकत होती, आणि बाबांना कमी ऐकू येतं हे तिच्या लक्षात राहतं म्हणून त्यांच्याशी बोलताना ती आता आपोआप समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही.

आणि आता जे सांगते ते माझ्या आठ महिन्यांचं सगळ्यात कामाचं निरीक्षण. कॅफे चांगलं आहे की नाही हे आता मी चवीआधी कानाने ओळखते. दूध गरम करायच्या नळीचा आवाज ऐका. नीट काम करणारा माणूस नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम लावतो, पहिली काही सेकंद कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो, तेवढीच हवा आत जाते, मग टोक जरासं खाली, दूध भोवऱ्यासारखं फिरायला लागतं आणि आवाज जवळजवळ बंद. हाताने भांडं चटका बसेल इतकं गरम लागलं, म्हणजे ६० ते ६५ डिग्रीच्या दरम्यान, की वाफ बंद. ज्याला घाई आहे तो नळी थेट तळाशी खुपसतो, हवा जातच नाही, आणि एक कर्कश किंचाळी उठते जी दूध होईपर्यंत थांबत नाही. अशा कॉफीत दूध सत्तरच्या पुढे जाऊन जळकट लागतं, वर फेस जवळजवळ नसतोच. आणि ती किंचाळी वरच्या पट्टीतली असते, म्हणजे बाबांना जे स, श आधीच कष्टाने ऐकू येतात नेमके तेच ती बुडवते. म्हणून बाबांना जिथे ऐकू येतं तिथे कॉफी पण चांगली असते, हे सहाही कॅफेंमध्ये खरं निघालं. अजून एक, नळी वापरून झाल्यावर लगेच ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडतात का बघा. नाही पुसली तर आधीच्या कपाचं वाळलेलं दूध तुमच्या कपात.

अंड्यांच्या बाबतीत माझं मत आठ महिन्यांत पूर्ण बदललं. सुरुवातीला मेन्यूत जे सगळ्यात भारी दिसेल ते मागवायचे, तीन मजली, वर सॉस, वर पानं. आता साधं मागवते कारण साध्यातच स्वयंपाकघराचा हात कळतो. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ डिग्रीला धरायला लागतो, बलक ६५ च्या पुढे घट्ट होत जातो आणि ७० ला बसतो. उकळतं पाणी १०० ला असतं, म्हणजे पोच्ड अंडं (फोडून पाण्यात शिजवायचं ते) खळखळ उकळत्या पाण्यात टाकणारा माणूस ते फाडणारच. आणि स्क्रॅम्बल्ड अंड्याखाली पाणी साचलेलं दिसलं तर समजायचं की आच जास्त होती, जास्त शिजलं की अंडं आवळून पाणी सोडतं. एका नामांकित म्हणवणाऱ्या ठिकाणी माझ्या प्लेटमधला टोस्ट त्या पाण्याने ओला होऊन पिठासारखा झाला होता, सांगितलं तर म्हणाले असंच असतं. असं नसतं. आमच्या दुसऱ्या पक्क्या कॅफेत दर वेळी मऊ, चकचकीत, पाण्याचा थेंब नाही, कारण तो माणूस अंडी जराशी ओलसर असतानाच तव्यावरून काढतो, पुढचं काम प्लेटमध्ये येईपर्यंत आतली उष्णता करते.

बाबांसाठी मात्र मी ऑम्लेट पूर्ण शिजवून मागते, वाहता बलक नाही. वयस्कर माणसांना साल्मोनेला या जंतूचा त्रास जास्त गंभीर होऊ शकतो, म्हणून अंड्याचे पदार्थ ७१ डिग्रीपर्यंत शिजवा असं सांगतात. एकदा सांगूनही कच्चट आलं, परत पाठवलं, दुसऱ्यांदा तेच अंडं मायक्रोवेव्ह करून आणलं, रबर. ते कॅफे यादीतून गेलं.

ब्रेडबद्दल थोडक्यात. टोस्टचा रंग आणि वास यायला वरचा पृष्ठभाग आधी सुकून साधारण १४० डिग्रीच्या पुढे जावा लागतो, तोपर्यंत तो फक्त गरम ब्रेड असतो. बऱ्याच ठिकाणी तोच येतो. त्यातही ब्रेड फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर लगेच कळतं, कारण फ्रिजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च जास्त लवकर कडक होतो, बाहेर ठेवलेला बरा किंवा मग सरळ फ्रीजर. क्रुसाँ मागवायचा असेल तर ओव्हनमध्ये गरम करतात का विचारा, मायक्रोवेव्हमध्ये सगळे पापुद्रे मऊ पडतात. आणि टोस्ट एकावर एक रचून आणला तर आल्या आल्या वेगळे करा, मध्ये अडकलेल्या वाफेने ते ओले होतात.

वेळ फार महत्त्वाची. साडेसात ते साडेआठ आणि साडेनऊ ते अकरा ही एकाच कॅफेची दोन वेगळी रूपं आहेत. आम्ही एकदाच दहाला गेलो, पाहुणे होते घरी म्हणून उशीर झाला, तर चाळीस मिनिटं नुसते बसलो. तवा एक, माणूस एक आणि दहा-दहा जणांच्या ऑर्डरी, त्यात त्या माणसाचा काय दोष. ब्रंच, म्हणजे उशिराचा नाश्ता आणि जेवण एकत्र, ही कल्पनाच १८९५ च्या एका इंग्रजी लेखात शनिवारी रात्री जागलेल्यांसाठी मांडलेली आहे, त्या गर्दीला उशीरच सोयीचा. लवकर जाणाऱ्याला तवा स्वच्छ मिळतो, कॉफीवाली ताजी असते, टेबल हवं ते मिळतं आणि दोन शब्द बोलायला समोरच्याकडे वेळ असतो.

तब्येतीचं पण सांगते कारण घरातून पहिला विरोध त्यावरूनच झाला होता. बाबांना थायरॉइडची गोळी आहे, ती रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास काही नाही, कॉफी तर नाहीच कारण कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही. घरी असताना सहाला गोळी आणि सव्वासहाला चहा असा प्रकार चालायचा, कितीही सांगा. रविवारी मात्र सहाला गोळी, मग आवरणं, चालणं, कॉफी समोर येईपर्यंत पावणेआठ. कॉफी एकच, दुपारनंतर नाही, कॅफिनचं अर्धं प्रमाण रक्तातून जायलाच पाचेक तास लागतात. गोड पेयं आम्ही बंद केली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे सहा चमचे, आणि सिरप आणि वर क्रीम असलेल्या मोठ्या ग्लासात तेवढी सहज जाते.

तोटे आहेतच. पैसे लागतात, म्हणून आम्ही आठवड्यात एकदाच जातो आणि त्या बदल्यात बाहेरून जेवण मागवणं जवळपास थांबवलंय. पावसात चालत जाणं अवघड होतं. मेन्यूची अक्षरं बारीक आणि फोनवर स्कॅन करायचा मेन्यू बाबांना अजिबात झेपत नाही, छापील मागितला की बहुतेक ठिकाणी मिळतो, मागावा.

मागच्या महिन्यात एकदा मी पाणी घ्यायला उठले आणि परत आले तर वेटर ऑर्डर घेऊन गेला होता. बाबांनी स्वतः दिली होती, माझी पण. मी विचारलं बरोबर ऐकू आलं ना, तर म्हणाले, "हो, त्याने विचारलं साखर वेगळी देऊ का, मी म्हटलं वेगळी दे." साखर वेगळीच आली.

या रविवारी बाबांचे जुने मित्र येणार आहेत सोबत. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, मशीन नाही. तो कान काउंटरकडे आणि डावा आमच्याकडे येईल अशी खुर्ची कोणती, ते बाबांनी मागच्याच रविवारी बघून ठेवलंय आणि कॉफीवाल्या मुलीला ती राखून ठेवायला पण सांगितलंय.