९६,३०० रुपयांच्या कापलेल्या स्प्रिंगा

गाडी खाली करायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, जाहिरात बघून आखूड स्प्रिंगा आणि शॉकअप मागवले आणि फसलो. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. आधी ४०,०००, मग ५१,५००, आणि माल सुटताना ‘वाहतूक-विमा’ म्हणून ४,८००. एकूण ९६,३००.

‘कोकणात गाडी खाली कशाला करायची’ हे कृपया कोणी शिकवू नका. जुनी बीएमडब्ल्यू झेड-४ आहे, दोन सीटची. कणकवली ते झाराप हायवे चौपदरी झाल्यापासून रविवारी पहाटे तेवढीच काढतो, गावातल्या स्पीडब्रेकरवर नेत नाही. आणि मी काही आंधळेपणाने उडी मारली नव्हती. तीन महिने वाचत होतो. नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकून मूळचे शॉकअप ठेवले की ते सारखे बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आपटतात आणि लवकर जातात, म्हणून दोन्ही एकदम घ्यायचं ठरवलं. दुकानांत भाव दीड लाखाच्या पुढे. जाहिरातवाला मुंबईचा माणूस म्हणाला, एका गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली, सेट पडून आहे. मी भुललो.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी फोनवर विचारलं, शॉकअप बिलस्टीन कंपनीचे बी६ आहेत की बी८? तो म्हणाला, “दादा, दोन्ही सेमच, फक्त डब्बा वेगळा.” अरे, बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली केलेल्या गाडीसाठी आखूड, हे मला पाठ होतं! तरी मी “हो का, बरं” म्हणालो आणि पाच मिनिटांत पैसे पाठवले. कुठला पार्ट बसेल ते चासी नंबरवरून कळतं, तो त्याने एकदाही विचारला नाही. जो विचारत नाही, त्याला पार्टमधलं काही कळत नाही किंवा कळून घ्यायचं नाही.

पार्सल रात्री पडवीत ट्यूबखाली फोडलं. शॉकअप नखाने खरवडला तर बिलस्टीनच्या पिवळ्या रंगाखाली काळा. दांडा तळहाताने आत दाबला तो आतच राहिला. खरा, आत दाबाखाली गॅस भरलेला शॉकअप असता तर दांडा आपणहून बाहेर आला असता. सकाळी कुडाळच्या गॅरेजवाल्याने स्प्रिंगचं टोक बोटाने दाखवलं, ग्राइंडरने जळून निळं पडलेलं. “भावजी, ही कापलेली आसा.” तो हसला नाही, ते जास्त लागलं.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. साहेबांनी विचारलं, माल मिळाला ना? मग दिवाणी बाब. मी म्हटलं, माल खोटा आहे. मग त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आठवलं: गाडीत बदल करायला परवानगी घेतली होती का? म्हणजे चोर राहिला बाजूला, आरोपी मी! दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्या खेपेला अर्जाची प्रतच सापडेना. चौथ्यांदा शिपायाने अर्ज नव्याने लिहायला लावला, वर मला विचारलं, “स्प्रिंग एवढी महाग असते?”

पैसे गेले की तासाभरात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा; मी लाजेपायी चार दिवस घालवले. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. फोटोत मागे तीच तडा गेलेली निळी फरशी. भाव आता ८९,०००.