बिडाची बुलेट घ्यावी की नवी क्लासिक ३५०?

बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाच्या (कास्ट आयर्न) इंजिनाची जुनी बुलेट. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर चेहरा एकच: गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, जाड मडगार्ड. फरक कळतो चावी फिरवल्यावर. २०२१ नंतरच्या क्लासिकला किकच नाही, बटण दाबा आणि निघा. जुनीला रीत आहे. चावी लावून किक हळू दाबत अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे बघायचं. काटा मधोमध आला की डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका ओढून किक आणखी जराशी सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एकच लात. काटा न बघता मारली तर किक उलटी येते, पोटरी सुजते.

गिअर उजव्या पायात, पहिला वर, बाकीचे तीन खाली; ब्रेक डाव्या पायात. सवय नसलेला माणूस घाबरला की ब्रेक समजून गिअरच दाबतो. म्हणून पहिले आठ दिवस बाजारपेठेत नेऊच नका. गिअर बदलताना क्षणभर थांबावं लागतं, घाई केली तर मध्येच खोटा न्यूट्रल, म्हणजे दोन गिअरच्या मध्येच अडकतो.

कागदावर ताकद जवळपास सारखी: ३४६ सीसीला १८ अश्वशक्ती, नव्या ३४९ सीसीला २०.२. पण जुनीची मजा ५५-६० ला, चौथ्यात, धडधड मोजता येईल अशा लयीत. ८० च्या पुढे हात बधिर होतात, नट ढिले पडतात, नंबरप्लेटची पट्टी तुटते. नव्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. धुळे-सुरत हायवेवर ट्रकच्या रांगेत ९० ला ती निवांत चालते. धडधड मात्र अर्धीच उरते. कुणी म्हणेल तेच बरं, आपल्याला पटत नाही.

तोरणमाळचा घाट उतरताना मात्र वाद संपतो. क्लासिकला पुढे ३०० मिमी, मागे २७० मिमी डिस्क आणि एबीएस. जुनीचे ड्रम तापले की लिव्हर ओढूनही गाडी घसरत जाते, म्हणून वरूनच दुसऱ्या गिअरला उतरायचं. ड्रममध्ये पाणी शिरलं तर आणखी अंतर ठेवा.

मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास. बिडाचा सिलिंडर उष्णता सावकाश सोडतो. ओढ कमी झाली की सावलीत थांबा. त्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, जुने रबरी पाइप-वॉशर मऊ पडतात. ते बदला आणि कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लावून घ्या. ठिणगीच्या पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिमी. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गार इंजिनावरच लावायचं: व्हॉल्व्ह ढकलणारा पुशरॉड बोटानं फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. पॉइंट-टॅपेटचं हे काम दर काही आठवड्यांनी करायची तयारी नसेल तर नवीच घ्या. जुनी घ्यायची तर घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी हवी.

जुनी बघायला जाल तेव्हा आधी चासी नंबर आरसीशी ताडा, १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का ते बघा. मालकाला सांगून ठेवा, सकाळी आम्ही येईपर्यंत किक मारू नका. रात्रीतून तेल इंजिनाच्या खालच्या केसमध्ये उतरलं असेल तर सुरुवातीला निळसर धूर येतो आणि पाच-दहा मिनिटांत थांबतो. त्याची काळजी नको. थांबलाच नाही, तर रिबोअरचा (सिलिंडर आतून घासून घेण्याचा) खर्च किमतीतून वजा करूनच बोला.